एकपट्टी, दुपट्टी

“हा एकपट्टी नाही आणि दुपट्टीही नाही,” गणपुले सर म्हणाले आणि त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. “शैला, हा तिसराच कुणीतरी आहे!”

मी हातातला ड्रॉवर ढकलला. तो नेहमीसारखा धाडकन लागला. खिडकीशी गंजक्या टाचण्या निवडत बसलेले प्रयोगशाळेचे शिपाई तातोबा मान वर न करताच म्हणाले, “हळू, बाई. पतंग हायत, पापड न्हवं.”

हे वाक्य मी त्या प्रयोगशाळेत शेकड्यांनी ऐकलं होतं. बी. एस्सी.ला होते तेव्हा ते ‘हळू पोरी’ होतं. कोल्हापुरातून एम. एस्सी. करून परत आले, हातात डिमॉन्स्ट्रेटरची हंगामी ऑर्डर पडली, त्याच दुपारी तातोबांनी पोरीची बाई केली आणि ‘तू’चं ‘तुमी’ केलं. पापड तेवढे राहिले.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. आमचं कॉलेज घाटमाथ्यावरचं. जंगल दोन मैलांवर, त्यामुळे पतंगांना तोटा नाही. सरांनी मला हॉकमॉथच्या तीन पेट्या लावायला दिल्या होत्या. हॉकमॉथ म्हणजे तिन्हीसांजेला तेरड्याच्या फुलापुढे हवेत उभे राहून लांब सोंडेनं मध पिणारे ते दांडगे पतंग. पंख विमानासारखे मागे वळलेले. त्यांतल्या दोन जाती एकमेकींच्या इतक्या सख्ख्या, की तीस वर्षं त्या एकाच लेबलाखाली सुखानं नांदत होत्या. पुस्तकातली नावं थेरेट्रा सिल्हेटेन्सिस आणि थेरेट्रा ओल्डनलँडी. आमच्याकडे पहिल्या वर्षाची मुलं ती नावं घेताना हिरड्या दुखवून घेत, म्हणून मी एकपट्टी आणि दुपट्टी म्हणायला लागले. एकीच्या पोटावर, म्हणजे वरच्या बाजूनं, पाठीच्या कण्यासारखी एक चंदेरी रेघ. दुसरीच्या तिथं दोन, शेजारीशेजारी. पंखांतही फरक होता: एकपट्टीचा पंख गव्हाळ आणि त्यावर टोकातून निघालेली एक ठसठशीत तिरपी रेघ, दुपट्टीचा मातकट आणि रेघांचा नुसता गोंधळ. पण पंख उडून उडून विटतात, म्हणून शहाणा माणूस आधी पोट बघतो.

एकसष्ट पतंग होते. चौतीस एकपट्टी, सव्वीस दुपट्टी. आणि एक हा. पंख गव्हाळ, एकच ठसठशीत रेघ, आणि पोटावर लखलखीत दोन पट्ट्या.

माणसांची टिपणं ठेवायची मला लहानपणापासून खोड. वही लागत नाही, डोक्यात पानं असतात. गणपुले सरांच्या पानावर तेव्हा असं होतं: विद्वान, सरळ, चष्मा दिवसातून चारदा हरवतो, तीनदा कपाळावरच सापडतो. पंचवीस वर्षं पतंग धरले, नावावर एकही जात नाही. ही शेवटची ओळ त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती, पण दर दिवाळीत नव्या जातींची यादी छापून आली की दोन दिवस गप्प असत. तातोबांच्या पानावर एकच ओळ: पस्तीस वर्षं नोकरी, मोडतोड शून्य. आमच्या विभागात ‘मोडतोड नोंदवही’ नावाचं लाल कापडी बांधणीचं पुस्तक होतं आणि ते पहिल्या पानापासून कोरं होतं. प्राचार्य दरवर्षी स्नेहसंमेलनात ते उंच धरून दाखवत. मला ते कोरेपण पहिल्यापासून संशयास्पद वाटे. काच, अल्कोहोल आणि अठरा वर्षांची पोरं एका खोलीत पस्तीस वर्षं, आणि मोडतोड शून्य?

“नीट ऐक,” सर म्हणाले. चष्मा कपाळावर गेला होता. “गुरुवारी चारच्या टपालानं टिपण मुंबईच्या नियतकालिकाकडे जाईल. नवी जात. दोघांची नावं. माझं आणि तुझं.”

“माझं कशाला, सर?”

“कारण सोमवारी मुलाखती आहेत. कायम जागा एक आहे आणि सचिवांचे भाचे अर्ज करून बसलेत. तुझ्या हातात हे टिपण पाठवल्याची पावती असली, तर तुला डावलायची कुणाची छाती होणार नाही. नसली तर…” ते चष्मा शोधू लागले. “नसली तर भाचे चांगले आहेत हो स्वभावानं.”

हंगामी ऑर्डर मार्चमध्ये संपत होती. वडिलांनी आधीच निरोप पाठवला होता, की शिकलीस ते झालं, मार्चला घरी ये, दोन स्थळं आहेत. म्हणजे तो पतंग टाचणीवर होता आणि मी त्याच्या शेजारी.

टिपणासाठी चित्र काढायचं काम माझं. बुधवारी सकाळी पतंग भिंगाखाली घेतला आणि पेन्सिलीला टोक काढलं. चित्र काढताना एक सोय असते: माणूस जे आहे असं धरून चालतो ते त्याला पुन्हा बघावं लागतं. डोक्यापासून सुरुवात केली. मिशा जाड, कंगव्यासारख्या बारीक केसांच्या. नर. पंख काढले. कंबर काढली. पोटाच्या टोकाशी आले आणि पेन्सिल थांबली. नराच्या पोटाच्या टोकाला चिमट्यासारखी दोन पाती असतात. इथं नव्हती. पोट गोल, भरलेलं. मादी.

मी सरांना हाक मारली. “सर, ह्याच्या मिशा बाप्याच्या आहेत आणि पोट बाईचं.”

सरांनी पाहिलं. माझी अपेक्षा, त्यांचा चेहरा उतरेल. तो उजळला. “अर्धनारी! अगं, निसर्गात असतं असं! हे तर नव्या जातीहून दुर्मीळ!”

“ते डावं-उजवं असतं, सर. एका अंगाला नर, एका अंगाला मादी. पुढून नर आणि मागून मादी कुठं असतं?”

“आत्तापर्यंत कुणाला सापडलं नसेल.”

आशा असलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तुमचा प्रत्येक आक्षेप तो पुरावा म्हणून खिशात घालतो. मी परत भिंगाशी बसले आणि कंबरेवर आले. पतंग तिरका केला, खिडकीच्या उजेडात फिरवला. छातीला पोट जिथं मिळतं तिथं खवल्यांच्या आत काहीतरी चमकलं. राईच्या दाण्याएवढं, मधाच्या रंगाचं.

बाभळीचा डिंक.

मान वर केली तर तातोबा माझ्याकडे बघत होते. टाचण्या हातात तशाच.

“काय दिसलं, बाई?”

“तुम्हीच सांगा काय दिसायला पाहिजे.”

ते टाचण्या निवडायला लागले, पण चांगल्या आणि गंजक्या एकाच डबीत टाकत होते.

गुरुवारी दहा वाजता मी सरांसमोर उभी राहिले. “सर, हा पतंग मला ओल्या वाळूच्या बरणीत ठेवायचाय.”

वाळका पतंग मऊ करायची ती जुनी रीत. बरणीत ओली वाळू, वर चाळणी, बुरशी धरू नये म्हणून फिनेलचे चार थेंब. पाच-सहा तासांत पंख हवे तसे वळवता येतात.

“वेड लागलंय? एकुलता एक नमुना आहे!”

“अख्खा असला तर मऊ होईल, बाकी काही होणार नाही. रोज करतो आपण. जोडलेला असला तर डिंक सुटेल.”

“कोण जोडेल?” सरांनी विचारलं. मी खिडकीकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

“समजा, मुंबईवाल्यांनी नमुना मागवला,” मी म्हणाले, “आणि तिथल्या दमट हवेत टेबलावर पोट गळून पडलं. तेव्हा तुमचं नाव छापून आलेलं असेल.”

सर खुर्चीत बसले. बराच वेळ पाकिटावरचा पत्ता वाचत होते. पत्ता त्यांनीच लिहिला होता. “चारला टपाल निघतं,” शेवटी म्हणाले. “पावणेचारला बरणी उघडायची. आणि नमुना बिघडला तर तुझं नाव मी स्वतः खोडीन.”

“खोडा.”

“सोमवार लक्षात आहे ना?”

“आहे, सर.”

बरणीचं झाकण लावलं. दुपारी सर तास घ्यायला गेले, तशी मी डबा उघडला. तातोबा समोर येऊन उकिडवे बसले. एवढ्या वर्षांत ते माझ्या डब्यासमोर कधी बसले नव्हते.

“बाई, एक सांगू?”

“सांगा.”

“काडा त्यो भाईर. अजून सुटला नसंल.”

“का?”

“तुमचं नाव लागतंय. जागा लागतीया. चिकटलंय ते चिकटलंय. कशापायी उकरताय?”

“खोटं आहे म्हणून.”

“पतंगाला काय त्याचं? त्यो मेलाय.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “मला म्हैना-अखेर सुट्टी हाय. माज्यापायी म्हनून तरी ऱ्हाऊ द्या.”

झालं, मी मनात म्हटलं. शून्य मोडतोड सांभाळायची आहे. निरोप समारंभात प्राचार्य लाल पुस्तक उंच धरणार, टाळ्या होणार. त्यांच्या पानावर मी एक ओळ वाढवली: स्वतःच्या नावासाठी दुसऱ्याच्या नावाला चिकटून. मला तेव्हा ती फार अचूक वाटली.

“तातोबा,” मी म्हणाले, “बरणी पावणेचारला उघडेल. आधी नाही.”

ते उठले. गुडघे वाजले. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “लई हट्टी हैस.” ‘आहात’ नव्हे. मी लक्षात घेतलं, पण अर्थ लावला नाही.

पावणेचारला तिघंही बरणीभोवती. सरांचा चष्मा जागेवर होता, हे मी मुद्दाम नोंदवते. झाकण काढलं, फिनेलचा वास आला. चिमट्यानं टाचणी उचलली आणि पतंग पांढऱ्या कागदावर धरला. दुसऱ्या चिमट्याच्या टोकानं पोटाला नुसता स्पर्श केला.

पोट कागदावर पडलं. आवाजसुद्धा झाला नाही.

टाचणीवर गव्हाळ पंखांचा नर राहिला, कंबरेशी रिकामा. कागदावर दोन पट्ट्यांचं मादीचं पोट. जिथून सुटलं तिथं पिवळट, ओला ठिपका.

सरांनी पाकीट उचललं, ठेवलं. पुन्हा उचललं. “तातोबा,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. “हे तुम्ही केलंत?”

“व्हय, साहेब.”

“आणि मला बोलला नाहीत? मी मुंबईला पाठवणार होतो!”

“मला काय ठावं त्याच्यावर येक रेघ हाय का दोन? येकाचे पंख कसरीनं खाल्ले हुते, पोट धड हुतं. ह्याचे पंख धड, पोटाचा चुरा. मापाला माप लावलं, बसलं. काल बाईंनी भिंग फिरवलं तवा समजलं काय झालंया.”

“चुरा कशानं झाला? नोंद कुठं आहे?”

“लाल वहीत न्हाई.”

“ते दिसतंच आहे! मग कुठं आहे?”

तातोबांनी माझ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं. मग रसायनांच्या कपाटामागे हात घालून त्यांनी धोतराच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं. आत शाळकरी पोरांची असते तशी लांबट वही, कडा कुरतडलेल्या, मध्ये मध्ये पानं वाढवून शिवलेली. तिच्यात रकाने आखलेले. तारीख. नाव. काय मोडलं. काय केलं. अक्षर मोठं, सावकाश, एकेका अक्षराशी झगडून काढलेलं.

पस्तीस वर्षांची मोडतोड होती त्यात. माझा संशय खरा होता, आणि त्या क्षणाला मला त्याचा केवढा आनंद झाला, हे सांगायला आता लाज वाटते.

सर एक एक पान उलटत गेले. पहिल्या पाच-सहा पानांतच थांबले. मी खांद्यावरून वाचलं: ‘१९५६. गणपुले वि. ना., पहिलं वर्ष. सापाची बरणी. साप दुसऱ्या बरणीत घातला.’ सरांचे कान लाल झाले. ते पुढची पानं भराभर उलटू लागले.

“साहेब, तेवढं पान ऱ्हाऊ दे,” तातोबा म्हणाले आणि त्यांनी वहीवर पंजा ठेवला.

“काढा हात.”

हात निघाला. सरांनी वाचलं, मग वही उलटी फिरवून माझ्यापुढे सरकवली.

‘१४ मार्च १९८२. देसूरकर शैला, दुसरं वर्ष. ड्रॉवर आपटला. पतंग १, पोटाचा चुरा. दुसरं जोडलं.’

मी तारीख दोनदा वाचली. त्या दिवशी प्रात्यक्षिकाची उजळणी होती, एवढं आठवलं. ड्रॉवर आपटल्याचं आठवेना. आपटल्याचं आपटणाऱ्याला कधीच आठवत नाही.

“मला सांगितलं का नाहीत?” मी विचारलं.

“सांगून?” तातोबा म्हणाले. “नियम काय हुता? मोडलं की नोटीस घरला. बाप येऊन प्राचार्यांपुढं उभा ऱ्हायल्याबिगर परिक्षेला बसाया न्हाई. तुजा बाप म्या बघितला हुता की, पैल्या दिशी. दारातनंच परत न्यायला निघाला हुता. त्यो पुन्यांदा आला असता, तर नेल्याबिगर गेला असता व्हय?”

मी डोक्यातलं माझं पान उघडायला गेले आणि लक्षात आलं, माझ्या नावाचं पान मी कधी आखलंच नव्हतं.

सरांनी घड्याळ पाहिलं. “चारला पाच कमी आहेत,” म्हणाले. पाकीट मधोमध फाडलं, आतला कोरा भाग काढला आणि त्यावर बारीक अक्षरात लेबल लिहिलं: ‘सिल्हेटेन्सिस, नर. पोट नाही.’ दुसरं लिहिलं: ‘ओल्डनलँडी, मादी. फक्त पोट.’ आपला पंचवीस वर्षांचा शोध दोन चिठ्ठ्यांवर उतरवून त्यांनी टोपण लावलं. “चला. दोन तर दोन.” चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

मी लाल कापडाचं पुस्तक खाली घेतलं. पहिलं पान उघडलं. ते इतकं कोरं होतं की पेन टेकवताना भीती वाटली.

“पोरी,” तातोबा पटकन पुढे आले, “पस्तीस वर्सं कोरी हाय ती. म्हैनाभर ऱ्हायलाय.”

“मोडलं मी.”

“सोमवारी कमिटीवाले बघतील!”

“बघू देत की, मामा.” मी त्यांना मामा पहिल्यांदा म्हटलं, आणि लिहिलं. तारीख, पतंग एक, हाताळणीत मोडला, जबाबदार: शैला देसूरकर. खाली सही. सरांनी पेन घेतलं आणि शेजारी विभागप्रमुख म्हणून आपली केली. ती करताना हात थोडा थबकला. बहुतेक साप आठवला असावा.

सोमवारी कमिटीसमोर लाल पुस्तक उघडून ठेवलेलं होतं. सचिवांनी स्वतः मागवलं होतं, हे मला ऑफिसच्या शिपायानं बाहेरच सांगितलं.

“प्रकाशित टिपणं?” त्यांनी विचारलं.

“शून्य.”

“मोडतोड?”

“एक.”

“मग या वर्षात आपण केलंत काय?”

“एक नवी जात नाही, हे सिद्ध केलं.”

कोपऱ्यात बसलेले गणपुले सर खोकले. तो खोकला नव्हता. जागा भाच्यांना मिळाली. स्वभावानं खरोखरच चांगले निघाले. दोन वर्षांत कंटाळून पुण्याला गेले आणि मग ती मला मिळाली. मधली दोन वर्षं मी हंगामी ऑर्डरला हंगामी ऑर्डर जोडत काढली. वडिलांना लिहिलं, की मार्चला येत नाही, एप्रिललाही नाही. स्थळं थांबली नाहीत. मी थांबले.

पण ते नंतरचं. महिना-अखेर तातोबांचा निरोप समारंभ झाला. प्राचार्यांनी लाल पुस्तक उंच धरलं नाही. भाषण एका मिनिटात आटोपलं, नारळ दिला, शाल दिली. समारंभानंतर मामा प्रयोगशाळेत आले. मी पेट्या आत सरकवत होते. ते दारात उभे राहून ऐकत होते. शेवटचा ड्रॉवर मी दोन्ही हातांनी, बोट बोट करत लावला. आवाज आला नाही.

“आता जमलं,” म्हणाले आणि फडक्यातली वही माझ्या हातात दिली. “शेवटचं पान नंतर बग.”

ते जिना उतरून जाईपर्यंत मी दम धरला. मग बघितलं. पस्तीस वर्षांत त्या वहीत कधीच न आलेलं एकच नाव तिथं होतं, तेच मोठं, सावकाश अक्षर:

‘१ सप्टेंबर १९८८. तातोबा कांबळे, शिपाई. पतंग १, चुकीचं पोट. पोरीनं सोडवलं.’